नो बूट डिव्हाइस, मुक्काम पोस्ट हेमलकसा

‘‘अगं, कॉम्प्युटर चालू होतोय, पण चालू होत नाहीये.’’

फोनवर मास्तरचं हे वाक्य ऐकलं आणि हसू की रडू तेच कळेना. मास्तर म्हणजे आमच्या कॉलेज ग्रुपमधला एकमेव माणूस, ज्याने कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी दांडी मारली आणि दोन वर्षांनी थेट भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवायला गेला. राहायला हेमलकशात. नेटवर्क आलं की फोन करतो, नाही आलं की त्याची खुशाली आम्हाला महिनाभर कळत नाही. त्यामुळे तो स्वतःहून फोन करतो तेव्हा मामला सिरियस असतो.

मामला असा होता. त्याचा जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात कामातून गेला. कडाडून वीज पडली, लाइट गेले, आले, परत गेले आणि मदरबोर्डने राम म्हटला. मास्तरने पगारातून पैसे साठवून दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला नवा पीसी असेंबल करून घेतला. नवा बोर्ड, नवा आय-थ्री प्रोसेसर, नवी रॅम, नवा कॅबिनेट. फक्त हार्ड डिस्क जुनीच ठेवली. एक तर पैसे वाचतात आणि दुसरं म्हणजे सगळं काम त्या डिस्कवरच होतं. दुकानदाराने स्वतःकडची डिस्क लावून मशीन चालू करून दाखवलं. मास्तर खूश. कॅबिनेट चादरीत गुंडाळून, एसटीच्या सीटवर शेजारी बसवून, नागपूर-चंद्रपूर-आलापल्ली असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून हेमलकशाला आणलं. घरी येऊन जुनी डिस्क जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, कंपनीचा लोगो झळकला आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: बूट करायला डिव्हाइस सापडत नाही.

‘‘त्या डिस्कवर काय आहे?’’ मी विचारलं.

थोडा वेळ गेला. ‘‘आज्यांची रेकॉर्डिंग्ज.’’

इथे जरा थांबून सांगायला हवं. मास्तरच्या वर्गातली मुलं माडिया. घरी माडिया बोलतात, जी मराठीची बोली वगैरे नाही, तर तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातली वेगळी भाषा आहे. पुस्तक मराठी, सर मराठी आणि पहिलीतलं पोरगं बिचारं हे सगळं नुसतं बघत बसतं. मग मास्तरने एक उद्योग सुरू केला. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायचं, म्हाताऱ्या बायांना गोष्टी सांगायला लावायच्या, मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आणि वर्गात स्पीकरवर ऐकवायच्या. तीन वर्षांत दीडशेच्या आसपास गोष्टी आणि गाणी जमली होती. सगळी त्या एका डिस्कवर. दुसरी कॉपी? ‘‘करणार होतो गं.’’ (हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी म्हटलंय, हात वर करा.) त्यातल्या एक आजी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या अकरा गोष्टी होत्या.

मी बॅग भरली. एक विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह, एक उबुंटू लिनक्सचा, एक पोर्टेबल हार्ड डिस्क, माझा लॅपटॉप आणि एक स्क्रू ड्रायव्हर. तसंही हेमलकशाला जायचं कित्येक वर्षं मनात होतं.

हेमलकसा म्हटलं की आपल्याला आठवतो तो लोक बिरादरी प्रकल्प. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी इथे काम सुरू केलं आणि प्रकाश-मंदाकिनी आमटे या डॉक्टर जोडप्याने ते पुढे नेलं. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार, २०१४ चा नाना पाटेकरांचा सिनेमा हे सगळं आपण वाचलंय, पाहिलंय. पण आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून गाडी जाऊ लागली की एक वेगळीच गोष्ट डोक्यात येते. या रस्त्याने तेव्हा ही माणसं कशी आली असतील? सुरुवातीची कित्येक वर्षं इथे वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन व्हायचं. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस दवाखान्यात यायचा आणि ‘हे आमच्या स्पेशलायझेशनमध्ये बसत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती, कारण पुढचं हॉस्पिटल कुठे होतंच कुठे? पावसाळ्यात भामरागडजवळची पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की रस्ता बंद. तो आजही दर पावसाळ्यात बंद पडतो.

सांगायचा मुद्दा हा, की पुण्यात पीसी बिघडला तर आपण कोपऱ्यावरच्या दुकानात टाकतो आणि संध्याकाळी उचलतो. इथे सगळ्यात जवळचा ‘कोपरा’ काही तासांवर आहे. मग आपलं आपणच शोधायचं.

पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. मास्तरने चहा ठेवला आणि मी कॅबिनेट उघडलं.

आधी जरा शांतपणे विचार करू. लोगो दिसतोय म्हणजे काय? प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय, सगळं ठीक आहे. कॉम्प्युटर चालू झाल्या झाल्या स्वतःची तब्येत तपासतो आणि त्यात तो पास झालाय. नापास झाला असता तर स्क्रीन काळीच राहिली असती किंवा आतून पिप-पिप ऐकू आलं असतं. म्हणजे भानगड त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. ‘विंडोज कुठून उचलू?’ या प्रश्नाला त्याला उत्तर मिळत नाहीये. लोक इथेच घाबरतात आणि रॅम काढून खोडरबरने घासायला घेतात. रॅमला काही झालेलं नसतं.

डिलीट बटण दाबत बायोसमध्ये शिरले. (एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली, एमएस-सीआयटी करून अख्खा महाराष्ट्र कॉम्प्युटर साक्षर झाला, पण बायोसचा निळा-काळा स्क्रीन दिसला की आजही भल्याभल्यांचे हात थरथरतात.) डिस्कच्या यादीत बघितलं तर काहीच नाही. यादी रिकामी! मास्तरचा चेहरा उतरला. डिस्कला कान लावला. ती गुळगुळीत आवाजात फिरत होती. हे महत्त्वाचं आहे. ‘टक...टक...टक’ असा आवाज आला असता तर मी तिथल्या तिथे मशीन बंद केलं असतं, कारण तो आतल्या यंत्राचा बिघाड असतो आणि अशी डिस्क जितकी चालवाल तितकी जास्त खराब होते. मग ती स्पेशालिस्टकडेच न्यायची.

पण आवाज छान होता. वायर बघितली. डेटाची साटा केबल एका बाजूने अर्धवट बसलेली. ही केबल मोठी फसवी असते. बसल्यासारखी वाटते, बसलेली नसते. मशीन बंद केलं, प्लग काढला, केबल नीट दाबली, परत चालू केलं. यादीत डिस्क हजर! एक टीबी, नाव-नंबरासकट. मास्तरने टाळी दिली. मी सेव्ह करून बाहेर पडले.

पंखा, लोगो आणि परत तीच ओळ.

आता खरी गंमत सुरू झाली. परत बायोस. बूटचा क्रम लावायचं पान उघडलं. मला वाटलं, डिस्क खाली असेल, वर आणली की झालं. पूर्वी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरली की ‘नॉन-सिस्टम डिस्क’ यायचं, आठवतंय? अजूनही पेनड्राइव्ह लावलेला राहिला तर तसंच काहीतरी होतं. पण इथे यादीत डिस्क खालीही नव्हती आणि वरही. स्टोरेजच्या पानावर ती आहे, बूटच्या पानावर नाही. बोर्डला डिस्क दिसते, पण तिच्यावरून सुरुवात करता येईल असं काही तिच्यावर सापडत नाही.

मी मास्तरला विचारलं, ‘‘जुना पीसी कधीचा?’’

‘‘२०१२ चा. विंडोज सेव्हन होतं. मग ते फुकट टेन झालं होतं ना, तेव्हा केलं.’’

झालं, चोर सापडला.

समजा, डिस्क म्हणजे जमीन आहे. कुठला तुकडा कुणाचा, याचा सातबारा डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सातबाऱ्याला एमबीआर म्हणतात. ती पद्धत १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळा कारभार. त्यात चारच मुख्य नोंदी मावतात आणि साधारण दोन टीबीच्या पलीकडची जमीन मोजताच येत नाही. त्या काळात डिस्क दहा एमबीची असायची, त्यामुळे कुणाला फरक पडला नाही. नव्या पद्धतीला जीपीटी म्हणतात. त्यात विंडोजमध्ये १२८ तुकडे करता येतात आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

तलाठीही बदलला. जुना बायोस पहिल्या ५१२ बाइट्स वाचून कामाला लागायचा. त्याच्या जागी यूईएफआय आला. इंटेलने हे काम नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केलं आणि २००५ मध्ये त्यासाठी कंपन्यांचा फोरम तयार झाला. हा नवा तलाठी डिस्कवरची एक छोटी, वेगळी राखून ठेवलेली जागा शोधतो आणि तिथली बूट फाइल उचलतो. ती जागा मास्तरच्या डिस्कवर नव्हतीच, कारण २०१२ ला त्या मशीनवर विंडोज जुन्या पद्धतीनेच टाकलं होतं आणि सेव्हनचं टेन करताना सातबारा तोच राहिला.

मधली बरीच वर्षं बोर्डांवर ‘सीएसएम’ नावाची तडजोड असायची. म्हणजे नवा तलाठी, पण गरज पडली तर जुनी कागदपत्रं वाचणारा. मास्तरच्या बोर्डवर तो पर्याय होता, पण करड्या रंगात. क्लिकच होईना. नव्या पिढीच्या बऱ्याच इंटेल बोर्डांवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो चालूच करता येत नाही. आणि मास्तरने पैसे वाचवायला ग्राफिक्स कार्ड घेतलं नव्हतं. शिकवायला आणि गोष्टी ऐकवायला ते कशाला लागतं?

म्हणजे कुणाचीच चूक नव्हती. डिस्क चांगली, बोर्ड चांगला, फक्त एकमेकांची भाषा कळत नव्हती. मास्तर म्हणाला, ‘‘माझ्या पहिलीच्या वर्गासारखं.’’

नेटवर्कची एक काडी आली तशी मास्तरने नागपूरच्या दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर तयार: ‘‘सर, फॉरमॅट मार दो, सब ठीक हो जाएगा.’’ राग आला, पण खोटं कशाला बोलू, दुकानदाराच्या बाजूने ते बरोबरच आहे. फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकलं तर मशीन अर्ध्या तासात चालू. फक्त आज्या जातील. विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्येही नेमकं तिथेच नेऊन ठेवतात. ‘या डिस्कवर एमबीआर आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही’ असा मेसेज आणि खालीच ‘डिलीट’, ‘फॉरमॅट’ अशी बटणं. घाईतला माणूस दाबतोच. मास्तरने आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी पेनड्राइव्ह आणून या स्क्रीनपर्यंत मजल मारली होती आणि भीतीने वायर उपटली होती, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. बरं झालं, घाबरट आहे.

तेव्हा पहिलं काम दुरुस्ती नाही, कॉपी. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. ‘ट्राय’ निवडायचं, ‘इन्स्टॉल’ नाही. दोन मिनिटांत डेस्कटॉप आला. फाइल्स उघडल्या, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती लावली. सी, डी, ई, सगळं जागच्या जागी. आणि रेकॉर्डिंग्ज? डीमध्ये नाहीत, ईमध्ये नाहीत. मास्तर पांढराफटक. मग आठवलं, भारतातला कुठलाही माणूस फाइल कुठे ठेवतो? डेस्कटॉपवर! सीमध्ये, युजर्समध्ये, डेस्कटॉपवर, ‘नवीन फोल्डर (३)’ नावाच्या फोल्डरमध्ये तीन वर्षांचं काम पडलेलं होतं.

आधी ते फोल्डर पोर्टेबल डिस्कवर, मग बाकीचं. १८० जीबीच्या आसपास. निम्मं झालं आणि लाइट गेले. यूपीएस किंचाळायला लागला. छोटा यूपीएस, दहा मिनिटांचा पाहुणा. कॉपी थांबवली, सगळं व्यवस्थित बंद केलं. अंधार पडला होता. आम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. शहरात लाइट गेले की कुणीतरी लगेच जनरेटर सुरू करतं. इथे एकदम रातकिड्यांचा आवाज वाढतो. मास्तर म्हणाला, ‘‘घाई नाही. येतील.’’ मला मात्र घाई होती, सवय जात नाही.

रात्री उशिरा लाइट आले. उरलेली कॉपी केली. मग मी पोर्टेबल डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून मधल्या मधल्या दहा-बारा फाइल्स वाजवून बघितल्या. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं. ती उघडते हे बघितलं की मग बॅकअप.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरफार. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज टेनबरोबर एक छोटी सोय दिली आहे, एमबीआर-टू-जीपीटी. आतला माल न हलवता सातबारा नव्या पद्धतीचा करून देते आणि बूटसाठी लागणारी ती छोटी जागाही तयार करते. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, इन्स्टॉलच्या ऐवजी ‘रिपेअर’मधून कमांड प्रॉम्प्टवर गेले. आधी नुसतं ‘व्हॅलिडेट’ म्हणून विचारायचं, की जमेल का? उत्तर आलं, नाही जमणार.

आपल्याकडे असेंबल करणारे लोक सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून देतात, जणू एकाच ड्राइव्हची मशीन दिली तर गिऱ्हाईक रागावेल. जुन्या सातबाऱ्यात चारच नोंदी बसतात म्हणून त्यातली एक ‘एक्स्टेंडेड’ नावाची पेटी करून तिच्या आत बाकीचे तुकडे भरतात. आणि ही सोय असल्या पेटीला हात लावत नाही. डी आणि ई त्या पेटीत होते.

मग पोर्टेबल डिस्क काढून बाजूला ठेवली. हे मुद्दाम. दोन डिस्क जोडलेल्या असताना डिलीटची कमांड द्यायची नाही, कारण शून्य आणि एक या आकड्यांत गफलत झाली की बॅकअपच उडतो. डिस्कपार्टमधून डी उडवला, ई उडवला. परत व्हॅलिडेट. परत नाही! पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं, आतला माल गेला तरी रिकामी पेटी तशीच उभी होती. तीही काढली. या वेळी उत्तर आलं, जमेल.

‘कन्व्हर्ट’ टाइप केलं आणि एंटरवर बोट ठेवून मास्तरकडे बघितलं. तो दाराबाहेर जाऊन मीटरचा दिवा बघून आला. लाइट आहेत. यूपीएस भरलेला आहे. दाबलं.

एक मिनिटही लागलं नाही. बायोसमध्ये गेले. बूटच्या यादीत पहिल्यांदाच ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद दिसली. सेव्ह, रिस्टार्ट. लोगो. गोल गोल फिरणारे ठिपके. ‘डिव्हाइसेस तयार करत आहोत’ असं बराच वेळ, कारण नवा बोर्ड त्याला अनोळखी होता. आणि मग मास्तरचा तो जुना वॉलपेपर, पर्लकोटेच्या काठावरचा.

सगळंच सुटलं असं नाही. बोर्ड बदलल्यामुळे विंडोज आता अॅक्टिव्हेशन मागतंय. शिवाय विंडोज टेनला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सपोर्ट बंद केलाय. नव्या बोर्डावर इलेव्हन चालेल, पण त्या फिरत्या जुन्या डिस्कवर ते रांगेल. उन्हाळ्यात मास्तर छोटी एसएसडी घेणार आणि ही डिस्क नुसती सामान ठेवायला वापरणार, असं ठरलंय. माझी पोर्टेबल डिस्क मी तिथेच सोडून आले. दुसरी एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर आहे.

संध्याकाळी तिसरी-चौथीतली पाच-सहा पोरं दारात येऊन उभी राहिली. आत यायला लाजत होती. मास्तरने स्पीकर लावला आणि ‘नवीन फोल्डर (३)’ उघडून एक फाइल सुरू केली. आधी खोकला, मागे कोंबडा, मग त्या गेलेल्या आजींचा आवाज. मला एक शब्द कळला नाही. पोरं मात्र एका ठिकाणी सगळी एकदम हसली. मी मास्तरला विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, ‘‘थांब, मलाही नीट कळलं नाही,’’ आणि त्याने पोरांना विचारलं. मग एक छोटी मुलगी पुढे आली आणि आम्हा दोघांना सावकाश, हातवारे करून, मराठीत समजावून सांगायला लागली.